समुद्राच्या तळाचा सातबारा कुणाच्या नावावर?

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला पापुआ न्यू गिनी हा देश आहे. त्यातल्या न्यू आयर्लंड नावाच्या लांबट बेटावर, पश्चिम किनाऱ्याला काही गावं अशी आहेत की तिथली माणसं शार्कला हाक मारून बोलावतात. नारळाच्या करवंट्या वेताच्या कड्यात ओवून एक मोठा खुळखुळा करायचा. छोट्या होडीतून समुद्रात जायचं आणि तो खुळखुळा पाण्यात हलवायचा. आवाजाच्या ओढीनं शार्क वर येतो आणि फासात सापडतो. कोंटू हे त्यातलं एक गाव. डेनिस ओ'रूर्क या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकानं १९८२ मध्ये तिथल्या लोकांवर माहितीपट काढला होता. या लोकांच्या लेखी शार्क हा नुसता मासा नाही. त्याचं आणि पूर्वजांचं नातं आहे, म्हणून समुद्रात जाण्याआधी काही पथ्यं पाळावी लागतात.

याच बेटाच्या किनाऱ्यापासून साधारण तीस किलोमीटरवर, सुमारे १,६०० मीटर खोल पाण्यात, जगातली पहिली खोल समुद्रातली खाण सुरू होणार होती. तिचं नाव ‘सोलवारा-१’. तिथल्या टोक पिसिन भाषेत ‘सोलवारा’ म्हणजे खारं पाणी, समुद्र. समुद्रतळाच्या भेगांमधून उकळतं पाणी वर येतं आणि त्याबरोबर आलेलं तांबं, सोनं, जस्त तिथंच धुराड्यासारखं थिजून साठतं. ते खरवडून काढायचं, अशी नॉटिलस मिनरल्स या कॅनडातल्या कंपनीची योजना होती. २०११ मध्ये सरकारनं खाणपट्टा दिला. पुढे सरकारनं स्वतःच या प्रकल्पात १५ टक्के भागीदारी घेतली आणि त्यासाठी सुमारे १२ कोटी डॉलर मोजले.

कंपनीचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. जमिनीवर खाण काढायची तर गाव उठवावं लागतं, जंगल तोडावं लागतं, नदी गढूळ होते. इथे तर पाण्याखाली दीड किलोमीटर! तिथे कोण राहतं? कुणाला उठवायचंच नाही.

‘तिथे कुणी राहत नाही’

इथेच सामाजिक शास्त्रांचं काम सुरू होतं. खोल समुद्रातल्या खाणकामाबद्दल आपण वाचतो ते बहुतेक यंत्रांबद्दल आणि खनिजांबद्दल असतं. फार तर जीवशास्त्राबद्दल. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत मानववंशशास्त्रज्ञ, भूगोलाचे अभ्यासक आणि कायद्याचे इतिहासकार यांनी या विषयावर बरंच लिहिलंय. त्यांचा प्रश्न असा, की हे ठरवणार कोण आणि ज्यांना विचारायचं ते नेमके कोण?

आपल्याकडे ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द आहे. कोयना धरणापासून महाराष्ट्रानं तो चांगलाच ओळखलाय. जमीन गेली, घर गेलं, की तो माणूस प्रकल्पग्रस्त. सरकारदरबारी त्याची नोंद होते, दाखला मिळतो, भांडायला एक आधार मिळतो. पण समुद्राचा तळ गेला तर प्रकल्पग्रस्त कोण?

कॉलिन फायलर आणि जेनिफर गॅब्रिएल या अभ्यासकांनी ‘सोलवारा-१’ समोर ठेवून नेमकं हेच तपासलं. त्यांचा लेख २०१८ साली ‘मरीन पॉलिसी’ या नियतकालिकात आला. पापुआ न्यू गिनीत जवळजवळ सगळी जमीन वंशपरंपरेनं स्थानिक समूहांच्या सामाईक मालकीची आहे आणि देशाचा कायदाही ते मानतो. त्यामुळे तिथल्या डोंगरात खाण काढायची तर जमीनमालक समूहांशी बसून बोलावं लागतं, वाटा ठरवावा लागतो. समुद्रतळ मात्र सरकारचा. म्हणजे बोलणी करायला समोर मालकच नाही. मग कंपनीच्या सामाजिक परवान्याचं, म्हणजे लोकांच्या संमतीचं काय? ती घ्यायची तर कुणाकडून? किनाऱ्यावरच्या कोणत्या गावांना लाभ द्यायचा, याचा एक पट्टा आखून घ्यावा लागला. पट्ट्याच्या आत असलेलं गाव संबंधित. बाहेरचं गाव, समुद्र तोच असला तरी, असंबंधित.

गावकऱ्यांना हा हिशेब पटेना. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाचे जॉन चाइल्ड्स यांनी या प्रकल्पाचा बराच अभ्यास केलाय. कंपनी नकाशावर एक चौकोन दाखवते. पाण्याला मात्र लांबी, रुंदी, खोली आहे आणि काळही आहे, हे त्यांच्या लेखनातलं मुख्य सूत्र. समुद्राचा तळ, वरचं पाणी, त्यात फिरणारा शार्क, किनारा आणि पूर्वज या वेगवेगळ्या खात्यांतल्या वस्तू आहेत, असं तिथले लोक मानत नाहीत. खाली यंत्रं घरघरू लागली, गाळ उठला, तर हाकेला शार्क येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. पर्यावरण अहवालाच्या तक्त्यात या प्रश्नाला रकानाच नव्हता.

गावं आणि चर्च संघटना एकत्र आल्या, ‘अलायन्स ऑफ सोलवारा वॉरियर्स’ उभी राहिली, प्रकरण कोर्टातही गेलं. पण खरं सांगायचं तर प्रकल्प बुडाला तो मुख्यतः पैशापायी. खाणीसाठी बनवलेली शेकडो टनांची यंत्रं पापुआ न्यू गिनीत येऊन पोचली, पण त्यांना समुद्रात नेणारं जहाज पैशाअभावी मिळालंच नाही. २०१९ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. देशाचे १२ कोटी डॉलर गेले. त्याच वर्षी पंतप्रधान जेम्स मरापे यांनी योजना फसल्याचं जाहीरपणे मान्य केलं आणि दहा वर्षांच्या स्थगितीला पाठिंबा दिला. खाणीतून एक ढेकूळही विकलं गेलं नाही, आणि तरी गरीब देशाची तिजोरी रिकामी झाली. ‘तिथे कुणी राहत नाही’ या वाक्याची ही किंमत.

सगळ्यांचं म्हणजे कुणाचं?

सोलवारा निदान एका देशाच्या हद्दीत होतं. किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, म्हणजे साधारण ३७० किलोमीटरपर्यंतच्या साधनसंपत्तीवर त्या त्या देशाचा हक्क असतो. काही ठिकाणी समुद्रतळावरचा हक्क त्याहूनही पुढे जातो. त्यापलीकडे जगातल्या महासागरांचा निम्म्याहून अधिक तळ कोणत्याच देशाचा नाही. त्याचं काय करायचं?

१ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टा या चिमुकल्या देशाचे संयुक्त राष्ट्रांतले राजदूत आर्विड पार्डो यांनी यावर एक भाषण केलं. समुद्राच्या तळाशी धातूंनी भरलेले गोटे पडलेत, ज्यांच्याकडे तंत्रज्ञान आहे ते देश ते लुटून नेतील, त्याआधी हा तळ सगळ्या मानवजातीचा सामायिक वारसा म्हणून जाहीर करा, असं त्यांचं म्हणणं. वसाहतींतून नुकत्याच सुटलेल्या देशांना ते मनापासून पटलं. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात ही कल्पना शब्दशः आली. १९९४ मध्ये करार लागू झाला आणि जमैकाची राजधानी किंग्स्टन इथे ‘आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण’ सुरू झालं. त्या तळाचा तलाठी म्हणा हवं तर.

मधल्या काळातला एक किस्सा सांगायलाच हवा. १९७४ मध्ये ‘ग्लोमार एक्सप्लोरर’ नावाचं अजस्र जहाज प्रशांत महासागरात गेलं. अब्जाधीश हॉवर्ड ह्यूज समुद्रातले गोटे वेचणार, असा गाजावाजा होता. प्रत्यक्षात ते जहाज अमेरिकेच्या सीआयएचं होतं आणि बुडालेली सोव्हिएत पाणबुडी गुपचूप वर काढायला गेलं होतं. खाणकाम हा निव्वळ बहाणा! पण तो बहाणा इतका झकास वठला, की समुद्रातलं खाणकाम आता दारात आलंय अशी जगाची खात्री पटली. ते आजही दारातच आहे.

पार्डोंच्या कल्पनेत वाटणीची एक सुंदर युक्ती पुढे घातली गेली. घरात दोन भावंडांत वडी वाटायची तर एकानं तुकडे करायचे आणि दुसऱ्यानं आधी उचलायचा, तसंच. श्रीमंत देशाच्या कंपनीनं समुद्रतळाचे सारख्या मोलाचे दोन भाग शोधून द्यायचे. एक तिला, दुसरा विकसनशील देशांसाठी राखीव. कागदावर याहून न्याय्य काय असणार?

आता नाऊरू बघा. प्रशांत महासागरातला २१ चौरस किलोमीटरचा देश, लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास. विसाव्या शतकात या बेटावरचं फॉस्फेट ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडनं आपल्या शेतांच्या खतासाठी खणून नेलं. बेटाचा सुमारे ८० टक्के भाग खडकाळ, निरुपयोगी झाला. १९६८ च्या स्वातंत्र्यानंतर उरलेल्या फॉस्फेटवर देश काही काळ जगातल्या श्रीमंतांत मोजला गेला आणि मग फॉस्फेट संपलं. असा हा देश एका कॅनडास्थित कंपनीचा, ‘द मेटल्स कंपनी’चा, प्रायोजक झाला. विकसनशील देशांसाठी राखलेल्या भागातच या कंपनीच्या उपकंपनीला शोधाचा हक्क मिळाला. राखीव जागा गरीब देशाच्या नावावर आणि यंत्र, भांडवल, भागधारक दुसरीकडचे. आपल्याकडे आदिवासींच्या नावावर दुसऱ्यानं केलेले व्यवहार ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे नवं वाटणार नाही. नाऊरूला मी सहज दोष देणार नाही. ज्याची जमीनच खणून नेली, त्यानं समुद्राकडे पाहिलं तर नवल काय?

जून २०२१ मध्ये नाऊरूनं करारातलं एक फारसं कुणाला आठवत नसलेलं कलम वापरलं. एखाद्या देशानं नोटीस दिली की दोन वर्षांत प्राधिकरणानं खाणकामाची नियमावली पूर्ण करायची. नाही केली, तरी खाणीचा अर्ज विचारात घ्यावाच लागेल. जुलै २०२३ मध्ये मुदत संपली. नियमावली काही झाली नाही. मग एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढला, की अमेरिका स्वतःच्या १९८० च्या कायद्याखाली आंतरराष्ट्रीय समुद्रतळावरही परवाने देईल. अमेरिका त्या सागरी कराराची सदस्यच नाही. द मेटल्स कंपनीनं लगेच तिकडे अर्ज केला. प्राधिकरणाच्या महासचिव लेटिशिया कार्व्हाल्यो या ब्राझीलच्या समुद्रशास्त्रज्ञ. त्यांनी या मार्गाला आक्षेप घेतला. पण सातबारा ज्याच्या ताब्यात आहे त्या तलाठ्यालाच बाजूला सारून कुणी कुंपण घालू लागलं, तर तलाठी काय करणार?

घाई कशाची?

हे गोटे बटाट्याएवढे, काळे. प्रशांत महासागरात हवाई आणि मेक्सिकोच्या मधल्या पट्ट्यात चार ते सहा किलोमीटर खोलीवर ते पसरलेत. त्यात निकेल, कोबाल्ट, तांबं, मँगनीज आहे. विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना यातलं बरंच लागतं. एक गोटा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. या पट्ट्यातल्या प्राण्यांचा २०२३ मध्ये हिशेब मांडला गेला तेव्हा ५,५७८ प्रजातींचा अंदाज निघाला आणि त्यातल्या जवळजवळ ९० टक्के प्रजातींना विज्ञानानं अजून नावही दिलेलं नाही. १९७९ मध्ये तिथे चाचणीसाठी एक यंत्र फिरवलं होतं. ४४ वर्षांनी शास्त्रज्ञ परत गेले, तर यंत्राचे माग काल उमटल्यासारखे दिसत होते. काही लहान जीव परतले होते. मोठे, एका जागी रुजून राहणारे जीव मात्र अजून फारसे नव्हते.

खाणीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. काँगोतल्या कोबाल्टच्या खाणींत मुलं राबतात, इंडोनेशियात निकेलसाठी जंगलं जातात; पेट्रोल सोडायचं तर धातू कुठून तरी आणावेच लागतील. पण समुद्रात खाण निघाली म्हणून काँगोतली खाण बंद होईल, हे कुणी लिहून दिलेलं नाही. शिवाय लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्यांना निकेल आणि कोबाल्ट लागतच नाही आणि त्यांचा वापर झपाट्यानं वाढतोय. बीएमडब्ल्यू, व्होल्वो, गूगल आणि सॅमसंग एसडीआय यांनी २०२१ मध्येच समुद्रतळातले धातू तूर्त न वापरण्याची भूमिका घेतली. मग घाई नेमकी कुणाला आहे? गुंतवणूकदारांना दिलेल्या तारखांना, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

‘तिथे कुणी नाही’ या वाक्याला सगळ्यात अस्वस्थ करणारं उत्तर मात्र अटलांटिक महासागरातून आलं. गुलामांच्या व्यापारात आफ्रिकेतून सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबून नेली गेली. त्यातली अंदाजे १८ लाख वाटेतच मेली आणि त्यांना समुद्रात टाकलं गेलं. २०२० मध्ये काही अभ्यासकांनी सुचवलं, की प्राधिकरणाच्या अटलांटिकच्या नकाशांवर त्या जहाजांच्या मार्गांच्या फिती काढाव्यात. स्मारक नको, फक्त नकाशावरच्या रेघा. म्हणजे यापुढे तळाचे चौकोन पाडायला बसणाऱ्याला आपण कशावर रेघ मारतोय ते दिसेल.

आपलं काय?

आपला या गोष्टीशी संबंध दूरचा नाही. गोव्याच्या दोना पावलातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था पर्यटकांच्या बसमधून अनेकांनी पाहिली असेल. तिच्या ‘गवेषणी’ या जहाजानं २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्राच्या तळातून भारतासाठी असे पहिले गोटे वर काढले. १९८७ मध्ये ‘अग्रणी गुंतवणूकदार’ म्हणून नोंद झालेला भारत जगातला पहिला देश ठरला. आज मध्य हिंदी महासागरात, कन्याकुमारीच्या कितीतरी दक्षिणेला विषुववृत्त ओलांडून, ७५,००० चौरस किलोमीटर समुद्रतळावर गोट्यांच्या शोधाचा हक्क भारताकडे आहे. महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव भागाएवढा हा प्रदेश. तिथे ३८ कोटी टन गोटे असल्याचा सरकारी अंदाज आहे. गोव्याच्या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्येच तिथला गाळ मुद्दाम ढवळून त्याचे परिणाम पुढची काही वर्षं तपासले, हे श्रेय त्यांना द्यायला हवं.

२०२१ मध्ये केंद्रानं ‘डीप ओशन मिशन’ला मंजुरी दिली: पाच वर्षं, ४,०७७ कोटी रुपये. ‘मत्स्य ६०००’ ही तिघांना सहा किलोमीटर खोल नेणारी पाणबुडी त्यातलीच. मुलांना ती आवडते आणि आवडायलाच हवी. या मोहिमेचे सहा घटक आहेत. खाणीचं तंत्र आणि पाणबुडी, हवामानबदल, जैवविविधता, सर्वेक्षण, समुद्रातून ऊर्जा आणि गोडं पाणी, समुद्री जीवशास्त्राचं केंद्र. त्यात माणसांचा, किनाऱ्यावरच्या समाजांचा अभ्यास हा स्वतंत्र घटक नाही. मला ही मोठी उणीव वाटते.

कारण तो प्रश्न आपल्या दारात येऊन उभा राहिलाच. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं समुद्रातल्या १३ खनिजपट्ट्यांचा लिलाव पुकारला. तीन गुजरातजवळ चुनखडीच्या चिखलाचे, तीन केरळजवळ वाळूचे, सात ग्रेट निकोबारजवळ खोल पाण्यातल्या गोट्यांचे. केरळातल्या मच्छीमारांनी २७ फेब्रुवारी २०२५ ला किनारपट्टीवर हरताळ पाळला. कोल्लमजवळची वाळू त्यांच्या मासेमारीच्या सर्वांत चांगल्या भागात येते. मार्चमध्ये केरळ विधानसभेनंही विरोधाचा ठराव केला. कोळी माणसाला समुद्रातल्या जागा नावानिशी माहीत असतात. मासा कुठे बसतो, कुठे जाळं फाटतं, कुठल्या वाऱ्यात कुठे जायचं नाही. पण त्याच्याकडे त्या जागेचा कागद नसतो. जमिनीवर खाण निघाली तर निदान जिल्हा खनिज प्रतिष्ठानात बाधित भागासाठी पैसे जमा होतात. समुद्रातल्या खाणीचा निधी आणि रॉयल्टी केंद्राकडे जाते. बाधित गाव कोणतं, ते पुन्हा कुणीतरी नकाशावर पट्टा आखूनच ठरवणार.

किंग्स्टनमध्ये प्राधिकरणाच्या ३६ देशांच्या परिषदेत भारत बसतो. फिजी, पलाऊ, फ्रान्स, जर्मनी यांच्यासह तीसहून अधिक देशांनी खाणकामाला स्थगिती द्या, थांबा किंवा बंदी घाला, अशी भूमिका घेतली आहे. भारत त्यात नाही. नॉर्वेनं २०२४ च्या जानेवारीत आपला समुद्रतळ खुला करायचं ठरवलं आणि डिसेंबरात एका छोट्या पक्षाच्या आग्रहावरून परवाने थांबवले. म्हणजे संसदेत हा विषय आला तर वारं फिरू शकतं. आपल्या हक्काचा मूळ करार मार्च २००२ मध्ये पंधरा वर्षांसाठी झाला होता. २०१७ आणि २०२२ मध्ये तो पाच-पाच वर्षांनी वाढवला गेला. आता त्याची मुदत मार्च २०२७ पर्यंत आहे.